सरकारी पैसा कुणाच्या कलेला?

२०२४ पर्यंत महाराष्ट्र शासनाच्या दप्तरी वृद्ध कलावंतांच्या तीन श्रेणी होत्या. राष्ट्रीय पातळीवर नाव झालेल्या कलावंताला महिन्याला ३,१५० रुपये, राज्य पातळीवर ओळख असलेल्याला २,७०० रुपये आणि स्थानिक कलावंताला २,२५० रुपये मानधन मिळे. ज्याच्या संबळावर पंचक्रोशीतले लग्नाचे गोंधळ झाले, पण ज्याने तालुक्याची वेस क्वचितच ओलांडली, तो गोंधळी ‘क’ वर्गात. महोत्सव गाजवलेला गायक ‘अ’ वर्गात. औषधाच्या दुकानात मात्र दोघांना भाव एकच. मार्च २०२४ मध्ये शासनाने ही उतरंड मोडली, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आणि सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये मानधन ठरवले.

जुनी पद्धत सरळसरळ अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. ज्याचे योगदान मोठे त्याचा सन्मान मोठा, हा तिचा हिशोब होता. नव्या पद्धतीचा हिशोब असा की, म्हातारपणाची गरज नावलौकिक पाहून येत नाही. दोन्ही म्हणणी समंजस आहेत, पण एकाच योजनेत ती एकत्र नांदू शकत नाहीत. महिन्याकाठी दिले जाणारे पैसे हे बक्षीस आहे की आधार, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की निकष आपोआप ठरतो. ते ठरवायचे टाळले की भांडणे सुरू होतात, आणि कलेच्या सरकारी अनुदानाभोवतीची बहुतेक भांडणे याच टाळाटाळीतून उपजलेली आहेत.

मुळात पैसा द्यायचाच कशाला?

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. तेच नाटक आज करायचे तर दुष्यंत, शकुंतला, कण्व, सख्या, साथीदार सगळे लागतात. तालमीही तेवढ्याच लागतात. मधल्या काळात कापडगिरणीत एका कामगाराच्या हातून निघणारे कापड कितीतरी पटींनी वाढले, हिशोबनीस संगणकावर आला, पण तीन तासांचे नाटक तीन तासांतच करावे लागते. इतर धंद्यांत वेतन वाढते तसे ते नटालाही द्यावे लागते, नाहीतर तो दुसरी नोकरी धरतो. म्हणजे खर्च वाढतो आणि उत्पादकता तिथेच राहते. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावरील आपल्या ग्रंथात हीच गोष्ट आकडेवारीनिशी मांडली. तिकिटाचे दर वाढवत नेले तर सामान्य प्रेक्षक तुटतो, न वाढवले तर कंपनी बुडते. ही खाच कुणाला तरी भरावी लागते. पूर्वी ती संस्थानिकांनी भरली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी कलावंतांचे स्वतंत्र खातेच होते. संस्थाने गेली आणि ती जबाबदारी लोकशाही सरकारवर आली.

राजाचा पैसा राजाच्या मर्जीचा होता. सरकारचा पैसा मात्र सगळ्यांचा आहे. किराणा दुकानातून साबणाची वडी घेणारी शेतमजूर बाईसुद्धा जीएसटी भरते. शहरातल्या वातानुकूलित नाट्यगृहातल्या खुर्चीमागे सरकार पैसे घालते तेव्हा त्यात तिचाही वाटा असतो. तिच्या गावच्या जत्रेत उभ्या राहणाऱ्या रंगमंचाला त्यातले काही मिळते का, हा प्रश्न विचारायचा तिला पूर्ण अधिकार आहे.

प्रत्येक कलेला सरकारी टेकू लागतोच असेही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो आणि गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. तिथल्या कंपन्या प्रेक्षकांच्या तिकिटावर उभ्या आहेत. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेक नाट्यरसिकांना झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदा ऐकू आले. जी कला स्वतःच्या पायावर उभी आहे तिला वेगळी मदत लागते: बरे रस्ते, वीज, रात्रीच्या प्रयोगाची परवानगी, कलावंतांचा विमा. रोख अनुदान हा मदतीचा एकच प्रकार आहे.

थोडे पण उत्तम, की थोडे थोडे सगळ्यांना?

या प्रश्नावर सर्वांत मोठा आणि सर्वांत उघड वाद ब्रिटनमध्ये झाला. तो समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्याचा पाऊणशे वर्षांचा हिशोब कागदावर आहे.

१९४० मध्ये, युद्ध पेटलेले असताना, तिथे संगीत आणि कलांना उत्तेजन देणारी एक परिषद सुरू झाली. पहिले २५,००० पौंड पिलग्रिम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने दिले. गावोगावच्या हौशी गायनमंडळांना आणि नाट्यमंडळांना हात देणे हा सुरुवातीचा हेतू होता. १९४२ मध्ये विख्यात अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स तिचे अध्यक्ष झाले आणि होकायंत्राची दिशा बदलली. केन्स यांना उच्च दर्जाची व्यावसायिक कला हवी होती, आणि ती राजधानीत दिमाखाने उभी राहायला हवी होती. १९४६ मध्ये या परिषदेचे आर्ट्स कौन्सिल झाले. केन्स त्याच वर्षी वारले, पण त्यांनी लावलेले वळण टिकले. संख्या थोडी चालेल, दर्जा उत्तम हवा, हे पुढची काही वर्षे कौन्सिलचे जणू ब्रीद होते. लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसला पैशाचा मोठा वाटा मिळत राहिला. केन्स स्वतः एकाच वेळी देणाऱ्या कौन्सिलचे आणि घेणाऱ्या कॉव्हेंट गार्डनच्या विश्वस्त मंडळाचेही प्रमुख होते. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण आज कुठल्याही देशात असे चालू नये, इतपत शहाणपण जगाला नंतर आले.

२०१३ मध्ये पीटर स्टार्क, ख्रिस्तोफर गॉर्डन आणि डेव्हिड पॉवेल या तीन अभ्यासकांनी हिशोब मांडला. केंद्र सरकारचे सांस्कृतिक खाते आणि आर्ट्स कौन्सिल यांचा कलेवरचा खर्च लंडनमध्ये दरडोई सुमारे ६९ पौंड आणि उरलेल्या इंग्लंडमध्ये दरडोई ५ पौंडांहूनही कमी होता. लंडनकडूनही बिनतोड उत्तर आले: राष्ट्रीय संग्रहालये आणि नाट्यगृहे लंडनमध्ये असली तरी ती देशभरच्या लोकांची आहेत. ते खरेही आहे. पण न्यूकॅसलच्या शाळेतल्या मुलीला ती ‘आपली’ म्हणायची तर रेल्वेचे भाडे भरावे लागते.

मग नऊ वर्षांनी पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्ट्स कौन्सिलने इंग्लिश नॅशनल ऑपेरा या लंडनच्या संस्थेचे नियमित अनुदान काढून घेतले आणि तिला लंडनबाहेर बिऱ्हाड हलवायला सांगितले. ऑपेरा इंग्रजीत गाणारी, एकवीस वर्षांखालच्यांना मोफत तिकीट देणारी ही संस्था. वाद पेटल्यावर तिला तात्पुरता निधी मिळाला. वर्षभराने मँचेस्टर हे नवे घर ठरले. दरम्यान वादक आणि गायकवृंदाच्या नोकऱ्यांवर गदा आली आणि संगीत दिग्दर्शकांनी राजीनामा दिला. प्रदेशांना वाटा देण्याचा हेतू योग्य होता. पण दशकानुदशकांचा असमतोल एका पत्राने मिटवायला गेले की नवा अन्याय जन्माला येतो, आणि त्याची किंमत व्यवस्थापकांआधी व्हायोलिन वाजवणारा मोजतो.

अमेरिकेने हा तिढा कायद्यानेच सोडवला. तिथल्या नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द आर्ट्स या १९६५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला आपल्या अनुदाननिधीचा ४० टक्के वाटा राज्यांच्या आणि प्रादेशिक कलासंस्थांकडे द्यावाच लागतो. उरलेल्या पैशात दर्जाची स्पर्धा. दोन हेतू, दोन थैल्या. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

तमाशाचा फड आणि अर्जाचा नमुना

आता महाराष्ट्रात येऊ. शासनाच्या योजनांत तमाशा, संगीत बारी, खडीगंमत, दशावतार, शाहिरी यांना अनुदान देण्याची तरतूद आहे. कागदावर सर्वांना दार खुले आहे. पण ढोलकी फडाचे वर्ष कसे चालते ते पाहिले की दारातला उंबरा दिसू लागतो.

फड दसऱ्याला बाहेर पडतो. मोठ्या फडात शे-सव्वाशे माणसे असतात: नाचणाऱ्या, सोंगाडे, ढोलकीवाले, हलगीवाले, तंबू ठोकणारे, चालक, आचारी. हंगाम सुरू होण्यापूर्वी, पावसाळ्यातच, या माणसांना ‘उचल’ द्यावी लागते. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती दिली नाही तर चांगला ढोलकीवाला दुसऱ्या फडात जातो. तंबू, कनाती, जनरेटर, ट्रक यांची डागडुजीही त्याच वेळी निघते. हाती तिकिटाचा एक रुपया आलेला नसताना फडमालकाला लाखोंची तजवीज करावी लागते. बँक तमाशाला कर्ज देत नाही, म्हणून तो सावकाराकडे जातो. मग पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात राहुट्या उभ्या राहतात, गुढीपाडव्याच्या सुमारास यात्रा कमिट्यांचे पुढारी सुपारी द्यायला येतात, आणि यात्रांचा हंगाम संपेपर्यंत फडमालक मुख्यतः व्याज फेडत असतो.

अशा माणसाला प्रयोग झाल्यावर, कागद तपासल्यावर, निधी उपलब्ध झाल्यावर मिळणारे अनुदान किती कामाचे? पैसा दसऱ्यापूर्वी हवा. शिमग्यानंतर आलेला तोच पैसा सावकाराच्या खिशात जातो. ज्याच्याजवळ आधीच भांडवल आहे त्याला उशिरा मिळणारे अनुदान परवडते. ज्याच्याजवळ नाही, त्याला ते मिळूनही न मिळाल्यासारखे असते. नियम दोघांना एकच असला तरी त्याचा भार दोघांवर वेगवेगळा पडतो.

कागदपत्रांचेही तसेच. नोंदणीकृत संस्था, तीन वर्षांचे लेखापरीक्षण, पॅन, कार्यक्रमांची कात्रणे या गोष्टी शहरातल्या सांस्कृतिक संस्थेला सहज जमतात. तिच्या कार्यकारिणीत एखादा सनदी लेखापाल असतो, वर्तमानपत्रात ओळखी असतात. सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपनीचा प्रयोग देवळाच्या जत्रेत मध्यरात्री सुरू होतो आणि पहाटे संपतो. कथानक मंचामागे पाच-दहा मिनिटांत ठरते, संवाद नट तिथल्या तिथे रचतात. जिथे अर्जासोबत लिखित संहिता मागितली जाईल, तिथे या कलेचे सर्वांत मोठे सामर्थ्यच तिची त्रुटी ठरेल.

ही दरी करोनाकाळात सर्वांना दिसली. यात्रांचे सलग दोन हंगाम बुडाले, फडांची चाके थांबली. शासनाने एकल कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये द्यायचे ठरवले, तेव्हा आधी कलावंत कोण आणि कुठे आहेत हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांच्या कलेचा आपण अभिमान सांगतो, त्यांची नावे आपल्या वहीत नव्हती. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला होता, तरी त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार हवाच. पण पुरस्काराने एका कलावंताचा सन्मान होतो, आणि वेळेवर मिळालेल्या स्वस्त कर्जाने शंभर घरांच्या चुली पेटतात. हे दोन वेगळे हेतू आहेत, आणि एकाचे श्रेय घेऊन दुसऱ्याची जबाबदारी टाळता येत नाही.

ठरवतो कोण?

पैसा कुणाला द्यायचा यापेक्षाही नाजूक प्रश्न आहे तो कुणी ठरवायचा हा. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी आणि १९५४ मध्ये साहित्य अकादमी व ललित कला अकादमी स्थापन झाल्या. पैसा सरकारने द्यावा, निवड मात्र त्या क्षेत्रातल्या जाणत्यांनी करावी, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली उभे राहिले, तेही याच विश्वासावर.

हा विश्वास किती नाजूक आहे ते डिसेंबर २०२२ मध्ये दिसले. माओवादी चळवळीशी संबंधाच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला राज्याचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. आठवड्याभरात शासनाने तो रद्द केला आणि निवड करणारी समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून अनेक लेखकांनी शासकीय मंडळांचे आणि समित्यांचे राजीनामे दिले. पुस्तकाविषयी कुणाचे काहीही मत असो, पण निवडीचे काम समितीला सोपवून निकाल न आवडल्यावर समितीच मोडली, तर पुढच्या समितीतला प्रत्येक सदस्य लिहिताना-वाचताना वर पाहू लागतो. तिथून पुढचे सगळे अनुदान संशयाच्या छायेत जाते, अगदी योग्य माणसाला मिळालेलेही.

म्हणून काहींनी सरकारी पैशाचा मार्गच सोडला आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला राज्य शासन २ कोटी रुपये देते. विद्रोही साहित्य संमेलन मात्र १९९९ मध्ये धारावीत सुरू झाले तेव्हापासून एक मूठ धान्य आणि एक रुपया या लोकवर्गणीच्या हाकेवर उभे आहे. त्या बाण्याचा आदर करायला हवा. पण स्वातंत्र्य जपायचे तर सरकारी पैसा नाकारावाच लागेल, अशी स्थिती असणे हे सरकारचे अपयश आहे. तो पैसा विद्रोही संमेलनाला जाणाऱ्या वाचकांनीही भरलेला असतो.

सूत्र, समिती की चिठ्ठी?

मर्जी टाळायची तर एक वाट म्हणजे सूत्र. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळते. ग्रंथसंख्या, वाचक, सेवा यांचे निकष छापील आहेत. कुठल्याही खेड्यातले ग्रंथालय स्वतःचा वर्ग स्वतः पडताळून पाहू शकते. या साध्या रचनेने राज्यभर हजारो ग्रंथालये धरून ठेवली, हे फार मोठे काम आहे. सूत्राचा दोषही इथेच दिसतो. संख्या मोजली जाते म्हणून संख्या फुगवली जाते. २०१२ मध्ये राज्यभर पडताळणी करावी लागली, आणि त्यानंतर नव्या मान्यता व वर्गवाढ बराच काळ अडून राहिल्या. काहींच्या लबाडीचा दंड प्रामाणिक ग्रंथपालांनी भरला.

दुसरी वाट समितीची. जिथे दर्जा पाहायचा तिथे समितीला पर्याय नाही, कारण गाण्याची गुणवत्ता रकान्यात भरता येत नाही. पण समितीत कोण बसते, तिची मुदत किती, आपल्या संस्थेचा अर्ज आला की सदस्य उठून बाहेर जातो का, हे जाहीर हवे. अमेरिकेत अशा समितीत कलेची जाण असलेला, पण कलाक्षेत्राबाहेरचा एक सामान्य नागरिक घ्यावाच लागतो. ही तरतूद आपल्याकडे उद्या आणता येईल आणि तिला जवळपास काही खर्च नाही.

तिसरी वाट ऐकायला विचित्र, पण विचार करण्याजोगी आहे. आयर्लंडने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला: २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षे. पात्र अर्ज ८,००० हून अधिक आले. त्यातून निवड केली ती सरळ सोडत काढून. पात्रता तपासायची, पण पात्र माणसांत लहान-मोठा ठरवायचा नाही. आपल्याकडे ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी दर जिल्ह्यात वर्षाला १०० जणांची मर्यादा आहे, आणि अर्ज त्याहून जास्त आले की शिफारशीचे पेव फुटते. गरज सारखी आणि जागा कमी असतील तर सर्वांसमोर काढलेली चिठ्ठी ओळखीपेक्षा नक्कीच न्याय्य आहे. शिवाय १०० हा आकडा सिंधुदुर्गालाही तोच आणि पुण्यालाही तोच. गावोगावी दशावतारी असलेल्या जिल्ह्याची गरज लोकसंख्येवरून वा समान वाटपावरून कळणार नाही. त्यासाठी कलावंतांची तालुकावार, खरी, दरवर्षी अद्ययावत होणारी नोंदवहीच हवी.

या सगळ्याचे सार असे. आधार, दर्जा आणि प्रसार हे तीन हेतू वेगळे ठेवावेत आणि प्रत्येकाची थैली वेगळी असावी. आधार गरजेवरून, दर्जा जाणत्या समितीकडून, प्रसार प्रदेश आणि कलाप्रकार पाहून. गरजवंताकडे कात्रणे मागू नयेत आणि उत्कृष्ट कलावंताला जिल्ह्याच्या कोट्यात बसवू नये. पैसा हंगामापूर्वी पोचावा. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाला लेखी कारण मिळावे. आणि कुणाला किती मिळाले याची यादी कुणी न मागता प्रसिद्ध व्हावी.

ती तशी प्रसिद्ध होत नसेल तर वाचकाच्या हाती २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या संस्थेला, कुठल्या कलावंताला, गेल्या तीन वर्षांत किती रक्कम मिळाली आणि ती कोणत्या तारखेला खात्यात जमा झाली, एवढाच अर्ज करा. तारखेचा रकाना विसरू नका. फडमालकाचे वर्ष तरले की बुडाले हे त्या रकान्यावरून कळते.